एंटेब्बे आणि झिकाचे रान

प्रवासाला निघालेला मनुष्य बहुधा देवालये, राजवाडे, धबधबे आणि बाजार पाहून येतो, व परत आल्यावर त्यांचेच वर्णन लिहितो. ते योग्यच आहे; कारण डोळ्यांना जे रमविते तेच लेखणीलाही सोपे जाते. परंतु पृथ्वीच्या पाठीवर अशीही काही स्थळे आहेत की, जेथे पाहण्यासारखे म्हणून फारसे काही नसते, आणि तरीही तेथे घडलेल्या गोष्टींचा संबंध आपल्या न्हाणीघरातील पाण्याच्या पिंपापर्यंत येऊन पोचतो. पूर्व आफ्रिकेतील युगांडा देशात व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी वसलेले एंटेब्बे हे गाव अशा स्थळांपैकी एक होय. डासांनी पसरणाऱ्या ज्या तापांची नावे गेल्या वीस वर्षांत आपल्याकडे घरोघर ऐकू येऊ लागली, त्यांपैकी चिकुनगुन्या व झिका या दोघांच्या विषाणूंची पहिली ओळख याच गावात पटली. आणि ज्या तापावर लशीच्या योगाने मनुष्याने खरोखर जय मिळविला, त्या पीतज्वराच्या अभ्यासासाठीच येथील संस्था मुळात स्थापन झाली होती. एकावर लस झाली. दुसऱ्यांवर पाऊणशे वर्षे झाली नाही. असे का व्हावे, हा प्रश्न हे गाव पाहताना मनात उभा राहिल्यावाचून राहत नाही. गावाच्या वर्णनासोबत तोही वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

माझा पुतण्या काही वर्षांपासून नोकरीनिमित्त युगांडाच्या राजधानीत, कंपाला येथे असतो. "काका, पाय चालताहेत तोवर एकदा येऊन जा," असा त्याचा नेहमीचा आग्रह. तो गेल्या पौषात मान्य केला. या देशाच्या दारावर पारपत्र व प्रवेशपत्र यांच्या जोडीला तिसरीही एक वस्तू दाखवावी लागते. ती म्हणजे पीतज्वराची लस टोचून घेतल्याचे लहानसे पिवळे पुस्तक. ही लस वाटेल त्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारने नेमून दिलेल्या केंद्रांतच ती टोचतात, आणि टोचल्यावर दहा दिवस लोटल्यावाचून दाखला लागू होत नाही. पूर्वी हा दाखला दहा वर्षांपुरताच चाले. ११ जुलै २०१६ पासून तो आजन्म ग्राह्य धरला जातो, कारण एकदा घेतलेली ही लस जन्मभर पुरते असे दिसून आले. पुष्कळांस वाटते की, ही सारी खटपट केवळ प्रवाशाच्या रक्षणाकरिता असावी. ते अर्धेच खरे आहे. तिकडून परत येणाऱ्यापाशी दाखला नसेल, तर आपले स्वतःचे सरकारच त्याला सहा दिवस वेगळे ठेवते. या कडक बंदोबस्ताचे कारण पुढे ओघाने येईलच.

साठी उलटलेल्या मनुष्यास ही लस देताना डॉक्टर क्षणभर थांबतात. लस जिवंत विषाणूची असते. बहुतेकांना तिचा काही उपद्रव होत नाही. परंतु साठीनंतर क्वचित, लाखात एकाच्या आसपास, तो विषाणू शरीरात माजून गंभीर आजार उद्भवतो, हे २००१ सालापासून ध्यानात आले आहे. आमच्या डॉक्टरांनी ही गोष्ट आडपडदा न ठेवता सांगितली, कोठे राहणार, रानावनांत हिंडणार काय, हे विचारले, आणि निर्णय माझ्यावर सोपविला. मला रान पाहावयाचेच होते, म्हणून मी लस घेतली. घरी मात्र निराळाच प्रश्न निघाला. आमच्या वहिनींनी कोठेसे वाचले होते, त्या म्हणाल्या, "भावोजी, ती लस म्हणे कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. मग तुमच्या सोवळ्याचे काय?"

"खरे आहे, वहिनी," मी म्हणालो, "अंड्यातल्या गर्भावरच ती वाढवितात. पण लहानपणी आम्हां भावंडांना रांगेत उभे करून माशाच्या तेलाची पळी पाजणाऱ्या तुमच्या सासूबाईच ना?"

यावर वहिनी हसल्या आणि प्रश्न निकालात निघाला. ज्या घरांत अंड्याला शिवत नाहीत, त्या घरांतील मंडळींनीही औषधाचा प्रश्न औषध म्हणूनच सोडवावा, हे आपल्या जुन्या वैद्यांनाही मान्य होते. ज्यांना अंड्याचे पदार्थ मुळातच सोसत नाहीत, अंगावर गांधी उठतात, त्यांनी मात्र डॉक्टरांना तसे आधी सांगितले पाहिजे.

असो. एंटेब्बे या शब्दाचा अर्थ लुगांडा भाषेत 'आसन' अथवा 'बैठक' असा होतो. आणि इंग्रजी अमलात, म्हणजे १९६२ पर्यंत, राज्यकारभाराची बैठकही येथेच होती. गाव विषुववृत्ताच्या किंचित उत्तरेस आहे. पण समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरांहून अधिक उंचीवर असल्यामुळे आणि सरोवराचा वारा सतत वाहत असल्यामुळे उन्हाचा जाच होत नाही. तांबडी माती, आंबा, फणस, हिरव्यागार केळी; रत्नागिरीकडचा मनुष्य येथे उतरला तर त्याला आपण परदेशी आलो हे पटावयास वेळ लागेल. फरक एवढाच की, आपल्याकडे केळ हे फळ, आणि येथे ते अन्न. कच्ची केळी सोलून, पानांत गुंडाळून, वाफवून त्यांचा जो मऊ गोळा करितात, त्याला मटोके म्हणतात. भाताच्या जागी तेच. १८९८ साली लावलेली वनस्पतींची विस्तीर्ण बाग सरोवराच्या काठापर्यंत उतरत गेली आहे. तेथे काळ्यापांढऱ्या केसाळ झुली पांघरल्यासारखी दिसणारी कोलोबस माकडे उंच फांद्यांवर स्वस्थ बसलेली आढळतात. या माकडांकडे जाता जाता पाहून घ्यावे. कारण आपल्या कथेत माकडांना माणसांइतकेच महत्त्व आहे.

गावातील एका शांत रस्त्याला युगांडा विषाणू संशोधन संस्था आहे. आवारात झाडी आहे, बैठ्या जुन्या इमारती आहेत आणि नव्याही आहेत. बाहेरून पाहणाऱ्यास एखाद्या जुन्या कॉलेजाचा भास व्हावा. अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठानाने १९३६ साली ती स्थापन केली, तेव्हा तिचे नाव पीतज्वर संशोधन संस्था असे होते. पुढे १९५० मध्ये ती साऱ्या पूर्व आफ्रिकेची विषाणू संस्था झाली, आणि १९७७ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. तिच्या पहिल्या प्रमुखांचे नाव महाफी. या गृहस्थांचा एंटेब्बेला येण्यापूर्वीचा एक लहानसा उद्योग सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. कारण आजच्या लशीची मुळी तेथे आहे.

पीतज्वर म्हणजे पिवळा ताप. यकृत बिघडून डोळे व त्वचा पिवळी पडते, म्हणून हे नाव. आफ्रिकेतून गुलामांच्या जहाजांबरोबर हा रोग अमेरिका खंडात गेला आणि तेथील बंदरे त्याने ओस पाडली. तो डासांमुळे पसरतो हे हवाना शहरातील डॉक्टर कार्लोस फिनले यांनी १८८१ साली सांगितले, व लोक त्यांना हसले. १९०० साली अमेरिकन सैन्याच्या वैद्यमंडळाने तेथेच प्रयोग करून फिनले यांचे म्हणणे खरे ठरविले. त्या कामात डॉक्टर लाझियर यांनी प्राण गमावला. मग हवानातील पाण्याची भांडी झाकली, डबकी बुजविली, आणि वर्षभरात शहरातून रोग नाहीसा झाला. तेव्हा पुष्कळांना वाटले की, डास मारले की काम झाले. लस हवीच कशाला?

तथापि रोगाचे कारण असलेला विषाणू कोणाच्या हाती लागत नव्हता, कारण प्रयोगाला योग्य असा प्राणीच सापडत नव्हता. आफ्रिकेतील माकडांना या विषाणूची शतकानुशतकांची सवय. ती फारशी आजारी पडत नसत. १९२७ साली गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, आसिबी नावाचा अठ्ठावीस वर्षांचा तरुण तापाने पडला. महाफी यांनी त्याचे थोडे रक्त काढून पाठविले, व एड्रियन स्टोक्स आणि त्यांचे सहकारी यांनी ते एका माकडाला टोचले. हे माकड मूळचे हिंदुस्थानातील, तांबड्या तोंडाच्या ऱ्हीसस जातीचे. ते माकड दगावले. आसिबी बरा झाला. त्याच्या रक्तातील विषाणू मात्र त्या माकडातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा जिवंत ठेवला गेला. त्याच वर्षी स्टोक्स स्वतः त्याच तापाने वारले. पुढच्या वर्षी जपानी पंडित नोगुची आणि त्यांच्या पाठोपाठ डॉक्टर यंग हेही अक्रा येथे गेले.

या प्रसंगाने आपल्या देशास एक धडा दिला, आणि सहा दिवसांच्या त्या कडक नियमाचे उत्तर त्यातच आहे. हिंदुस्थानची माकडे या रोगाने मरतात. हा रोग शहरांतून पसरविणारा एडीस ईजिप्ती जातीचा डास आपल्या घराघरांत आहे. आणि आपल्या लोकांच्या रक्तात या तापाचा प्रतिकार नाही. असे असूनही हा रोग आजवर आपल्या देशात रुजलेला नाही. २०१६ साली अंगोलातून परतलेल्या मजुरांबरोबर तो चीनमध्ये पोचला, अकरा जणांना तो असल्याचे आढळले, पण सुदैवाने तेथे त्याचा फैलाव झाला नाही. वाळलेल्या गवताच्या गंजीशेजारी राहणारा मनुष्य ठिणगीला भितो, तसे आपले आहे.

आता लशीची गोष्ट. मॅक्स थायलर हे दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले शास्त्रज्ञ न्यूयॉर्कमध्ये काम करीत. त्यांना स्वतःलाही प्रयोग करता करता १९२९ मध्ये हा ताप येऊन गेला होता. आसिबीच्या रक्तातून आलेला विषाणू त्यांनी प्रथम उंदराच्या गर्भाच्या बारीक केलेल्या मांसपेशींवर वाढविला, मग कोंबडीच्या गर्भाच्या, आणि शेवटी मेंदू व मज्जारज्जू काढून टाकलेल्या कोंबडीच्या गर्भाच्या पेशींवर. एका भांड्यातील थोडा अंश दुसऱ्या भांड्यात, त्यातील तिसऱ्यात, असे शेकडो दिवस चालले. आपले वैद्य बचनागासारखे विष गोमूत्रात भिजवून शुद्ध करितात, त्याची येथे आठवण होईल; परंतु भेद असा की, बचनाग हे निर्जीव द्रव्य, तर येथे एका जिवंत वंशाचा स्वभाव पालटावयाचा होता. मी जन्मभर मास्तरकी केली, म्हणून मला दुसराच दाखला सुचतो. खोडकर मुलाला एका शाळेतून दुसरीत आणि दुसरीतून तिसरीत घातले, व प्रत्येक ठिकाणी त्याच्या खोड्यांना वावच मिळाला नाही, तर तो काही काळाने त्या खोड्या विसरतो. नाव मात्र तेच राहते. या विषाणूचेही तसेच झाले. दीडशेहून अधिक पालटांनंतर तो यकृत व मेंदू यांवर हल्ला करावयाचे विसरला. पण शरीराने त्याला पीतज्वर म्हणून ओळखावे आणि त्याच्याविरुद्ध सिद्धता करावी, एवढी ओळख शिल्लक राहिली. ही सतरा-डी नावाची लस १९३७ साली जाहीर झाली, त्याच वर्षी ब्राझीलमध्ये वापरात आली, आणि १९५१ साली थायलर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज जगात पीतज्वरासाठी जी लस टोचतात ती याच वंशातील, म्हणजे आसिबीच्या थेंबभर रक्ताची संतती होय. तिच्या साठ कोटींहून अधिक मात्रा आजवर दिल्या गेल्या आहेत.

वाटेत ठोकरा लागल्याच नाहीत असे नाही. १९४२ साली अमेरिकन सैनिकांना दिलेल्या या लशीत ती टिकावी म्हणून मानवी रक्तातील द्रव मिसळला होता; त्यातून काविळीचा विषाणू शिरला आणि सुमारे पन्नास हजार सैनिक काविळीने आजारी पडले. तेव्हापासून तो द्रव वगळण्यात आला. लस चांगली असणे आणि ती निर्मळपणे तयार होणे, या दोन्ही गोष्टी सांभाळाव्या लागतात, हे त्यावरून जगाला कळले.

डास मारून हवाना मुक्त झाले असताना लशीची एवढी गरज का भासली, याचे उत्तर एंटेब्बेच्या मंडळींनी युगांडाच्या पश्चिम सीमेवरील ब्वांबा प्रांतात शोधले. तेथे १९४० नंतरच्या वर्षांत महाफी, स्मिथबर्न, हॅडो इत्यादिकांनी जे पाहिले ते थोडक्यात असे. पीतज्वर रानात माकडांमाकडांत फिरत असतो. त्याला तेथे नेणारा डास झाडांच्या शेंड्यावर राहतो व माणसाच्या वाटेला जात नाही. परंतु माकडे केळी खावयास बागांत उतरतात. केळीच्या पानांच्या देठाशी जे पाणी साचते, त्यात दुसऱ्या जातीचा डास वाढतो. तो चोरट्या माकडाला चावतो, आणि मग बागेच्या धन्याला. म्हणजे ज्या केळीवर देश जगतो, तिच्याच बेचक्यातील ओंजळभर पाण्यात मृत्यूचा दुवा लपलेला! प्रत्येक केळीचे पाणी कोण उपसणार, आणि रानातील माकडांना कोण आवरणार? जो रोग रानात राहतो त्याला गावातील स्वच्छता पुरी पडत नाही. तेथे मनुष्याचे शरीरच आतून सिद्ध करावे लागते. लशीची आवश्यकता ती हीच.

आता आपण झिकाच्या रानाकडे वळू. एंटेब्बेहून कंपालाला जाणाऱ्या रस्त्यावर किसुबी गावाजवळ आडवाटेने उतरले की ते लागते. झिका हा आज साऱ्या जगात भयाचा शब्द झाला. लुगांडात त्याचा अर्थ नुसता माजलेले, दाट वाढलेले रान. हे रान फार मोठेही नाही; पंचवीस हेक्टरांच्या आसपास. एका बाजूला ते सरोवराच्या खाडीकडे आणि तेथील लव्हाळ्याच्या दलदलीकडे उतरत जाते. आत शिरताच उजेड हिरवा होतो, पाचोळ्याचा ओलसर वास येतो, आणि रस्त्यावरचा गोंगाट एकदम मागे पडतो. रान संशोधन संस्थेच्या ताब्यात असून परवानगीने पाहता येते. मध्यभागी सुमारे एकशेवीस फूट उंचीचा लोखंडी मनोरा उभा आहे. त्याला आता गंज चढला आहे. माझ्या पुतण्याने पायरीला हात लावताच, "बाळा, खालूनच पाहू," असे मी म्हणालो, आणि बरोबरच्या रखवालदाराने हसून मान डोलविली.

हा मनोरा अलेक्झांडर हॅडो या स्कॉटिश शास्त्रज्ञाच्या कामाची खूण आहे. कोणत्या जातीचा डास जमिनीपासून किती उंचीवर आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी चावतो, हे त्यांना पाहावयाचे होते. त्यासाठी निरनिराळ्या उंचीवरील फळ्यांवर माणसे चोवीस तास पाळीपाळीने बसत. ती माणसे स्थानिक खेड्यांतील; उघड्या हातापायांवर डास येऊ द्यावयाचा आणि तो नळीत पकडावयाचा, हे त्यांचे काम. सूर्यास्तानंतर झाडांच्या शेंड्यावर डासांचा जो हल्ला होतो, त्याची नोंद अशा रीतीने झाली. शास्त्रज्ञांची नावे ग्रंथांत आली. फळीवर बसून रात्र काढणाऱ्यांची नावे कोणी सांगत नाही. त्या मनोऱ्याखाली उभे राहिले असता त्यांचे स्मरण होणे साहजिक आहे.

मनोरा उभा राहण्यापूर्वीच, १९४७ च्या एप्रिल महिन्यात, या रानात झाडांच्या शेंड्यांवर पिंजऱ्यांत काही ऱ्हीसस माकडे ठेवली होती. पीतज्वर आला तर त्याची वर्दी त्यांनी द्यावी, असे हे पहारेकरी. त्यांतील ७६६ क्रमांकाच्या माकडाला ताप आला. तपासाअंती तो पीतज्वर निघाला नाही. निराळाच, तोवर कोणी न पाहिलेला विषाणू निघाला. पुढच्या वर्षी तो याच रानातील डासांतही सापडला, आणि त्याला रानाचे नाव मिळाले. साठ वर्षे त्याच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही, कारण तो सौम्य. २०१५-१६ मध्ये ब्राझीलमध्ये गर्भवती स्त्रियांना तो झाला आणि लहान डोक्याची बालके जन्माला येऊ लागली, तेव्हा जग खडबडून जागे झाले. आपल्याकडे २०२१ साली पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात बेलसर गावी तो आढळला; २०२४ मध्ये पुणे शहरात त्याचे अनेक रुग्ण निघाले व त्यांत गर्भवती स्त्रियाही होत्या. मूळ हिंदुस्थानच्या जातीच्या माकडाने युगांडाच्या रानात ज्याची पहिली वर्दी दिली, तो विषाणू अशा प्रकारे सासवडच्या पंचक्रोशीत पोचला!

चिकुनगुन्याची कथाही अशीच आहे. टांझानियाच्या दक्षिण भागात, त्या वेळच्या टांगानिकात, १९५२-५३ साली सांधे धरणाऱ्या तापाची साथ आली. तेथील माकोंडे लोकांच्या भाषेत 'वाकविणारा' अशा अर्थाचा हा शब्द आहे. रोग्यांचे रक्त एंटेब्बेला आले, आणि रॉस यांनी त्यातून विषाणू वेगळा केला. १९६३ साली तो कलकत्त्यास दिसला, १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीस त्याची मोठी साथ झाली, मग तीस वर्षे तो जणू विसरला गेला. २००६ साली तो परतला तेव्हा देशभरात संशयित रुग्णांची संख्या जवळजवळ चौदा लाखांवर गेली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने तपासले तेव्हा असे दिसले की, जुन्या साथींतील विषाणू आशियाई घराण्यातला होता, आणि हा नवा आफ्रिकी घराण्यातला. त्या वर्षी ज्यांच्या घरी आजीआजोबांना जिना उतरता येईना, सुनांना कणीक तिंबता येईना, त्यांना या रोगाचे वर्णन सांगावयास नको. 'हाडमोड्या ताप' हे आपल्या लोकांनी दिलेले नाव माकोंडे लोकांच्या शब्दाइतकेच बोलके आहे.

मग १९५३ मध्ये सापडलेल्या विषाणूवर पहिली मान्य लस २०२३ च्या नोव्हेंबरात, म्हणजे सत्तर वर्षांनी, अमेरिकेत का निघावी? आणि झिकावर अद्याप एकही मान्य लस का नसावी? काही कारणे शास्त्राची आहेत. हे ताप एकाएकी येतात आणि एकाएकी जातात. लस तयार करून तिची परीक्षा घेण्यास हजारो माणसे उभी करावीत, तो साथ ओसरलेली असते. झिकाच्या बाबतीत असेच झाले. चिकुनगुन्याची ती पहिली लसही, पीतज्वराच्या लशीप्रमाणे, जिवंत विषाणूची; वृद्धांना तिच्यापासून गंभीर त्रास झाल्याच्या तक्रारी आल्यामुळे ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने तिचा परवाना निलंबित केला. विषाणूचे नुसते पोकळ कवच वापरणारी दुसरी लस त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत तेथे मान्य झाली. डेंगूचे तर चार प्रकार. एका प्रकाराविरुद्ध अपुरी सिद्धता झाली तर दुसऱ्याचा ताप अधिक घातक होऊ शकतो. फिलिपाईन्समध्ये आठ लाखांहून अधिक मुलांना लस टोचल्यावर, ज्यांना पूर्वी डेंगू झालाच नव्हता त्यांना तिच्यामुळे धोका वाढू शकतो, हे २०१७ साली बाहेर आले आणि मोहीम थांबवावी लागली. आपल्या देशात डेंगूच्या एकमात्रेच्या लशीची दहा हजारांहून अधिक स्वयंसेवकांवरील परीक्षा २०२४ च्या ऑगस्टात सुरू झाली, ती या सावधपणामुळेच दीर्घ काळ चालावयाची. उलट जपानी मेंदूज्वराच्या बाबतीत पुण्याच्याच संस्थेने कोलार येथील रोग्यापासून मिळविलेल्या विषाणूवरून देशी लस २०१३ साली निघाली. तेव्हा काम अशक्य नाही; पण ते घाईने होणारे नाही.

दुसरी कारणे मनुष्याच्या लक्षाची आहेत, आणि ती मला अधिक बोचली. पीतज्वर बंदरे बंद पाडीत असे, सैन्ये मारीत असे, व्यापार अडवीत असे. म्हणून त्याच्यामागे धन आणि बुद्धी दोन्ही धावली. खेड्यातील शेतकऱ्याचे गुडघे धरले तर जहाज अडत नाही. आणि लस निघाली म्हणजे ती सर्वांना पोचलीच, असेही नाही. ज्या युगांडात पीतज्वराची संस्था १९३६ साली उभी राहिली, त्याच युगांडाच्या बालकांच्या नेहमीच्या लसीकरणात ही लस २०२२ साली आली! प्रवासी म्हणून मला ती एका फेरीत मिळाली. झिकाच्या रानाशेजारी जन्मलेल्या मुलाला मात्र तिची वाट पाहण्यात पिढ्या गेल्या. २०१६ साली काँगोच्या किंशासा शहरात लस अपुरी पडली, तेव्हा एका मात्रेचे पाच भाग करून सत्तर लाखांहून अधिक लोकांना ती टोचावी लागली. तो उपाय साधला, हे त्या लशीचे सामर्थ्य. परंतु ऐंशी वर्षांच्या जुन्या लशीचा तुटवडा पडावा, हे आपल्या व्यवस्थेचे वैगुण्य होय.

आपल्या घरापुरता यातून काय बोध घ्यावा? एडीस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. देवघरातील फुलदाणी, गच्चीवरील टाकी, कुंडीखालील ताटली, न वापरलेला रांजण, हीच त्याची प्रसूतिगृहे. आठवड्यातून एक दिवस ही भांडी रिकामी करून, घासून, उन्हात वाळवावीत. जुन्या घरांत हे काम गृहिणी एरवीही करीत असत. आजही ते घरातील पुरुषांनी व मुलांनी वाटून घेतले, तर कोणत्याही लशीची वाट पाहावी लागणार नाही. वयोवृद्धांनी कोणतीही जिवंत लस डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये, पण ऐकीव भीतीने नाकारूही नये. आणि घरातील कोणी तरुण लशीच्या परीक्षेसाठी स्वयंसेवक होऊ म्हणेल, तर त्याला एकदम दटावू नये. नीट माहिती घेऊन मग सर्वांनी बसून ठरवावे. आज आपण ज्या लशींवर निर्धास्त आहोत, त्यांसाठी कोणीतरी आधी दंड पुढे केलेला आहे.

शास्त्रांनी देवऋण, ऋषिऋण व पितृऋण सांगितले आहे. एंटेब्बेला जाऊन आल्यावर मला वाटते की, त्यांत आणखी एकाची भर घालावी. गोल्ड कोस्टचा आसिबी, हिंदुस्थानच्या जातीची ती मुकी माकडे, अक्रा आणि लागोस येथे देह ठेवणारे डॉक्टर, आणि रात्रभर फळीवर बसून स्वतःच्या पायांवर डास झेलणारी ती अनामिक माणसे, यांचे ऋण आपल्या प्रत्येकाच्या डोक्यावर आहे. हे ऋण श्राद्धाने फिटणारे नाही. ज्याच्यापर्यंत लस पोचली नाही त्याच्यापर्यंत ती पोचावी, यासाठी जे जे आपल्या हातून होईल ते करणे, एवढीच त्याची फेड आहे.